न बांधलेला बस्ता

द्वारकाबाईंच्या गिरणीत दळण घेऊन गेलं, की पीठ मिळायच्या आधी बोलणी मिळतात. गहू नीट निवडलेला नसला तर त्या डबा उचलून आपल्याच हातात परत देतात आणि चार बायकांसमोर सांगतात, घरी जा, टीव्हीसमोर बसून निवड, मग ये. कुणाला राग येतो, कुणी दुसरी गिरणी धरून बघतं आणि पुढच्या दळणाला मुकाट्यानं इथंच परत येतं. वाळूजकडच्या आमच्या कामगार वसाहतीत गिरण्या पुष्कळ आहेत, पण बाजरीच्या पिठात आदल्या गिऱ्हाइकाचा गहू येणार नाही याची खात्री या एकाच गिरणीत.

कडूबांना कंपनीत पॅकिंगचं काम लागलं तेव्हा हे कुटुंब गंगापूरकडच्या खेड्यातून इथं आलं. पत्र्याची एक खोली, आणि कडेवर नानासाहेब, म्हणजे नाना. कडूबा अबोल माणूस. घरात जे काही बोलायचं ते द्वारकाबाईंनीच. त्यांनी जुनी गिरणी विकत घेऊन दारातच मांडली, तेव्हा बाईमाणूस गिरणी चालवणार म्हणून हसणारे बरेच होते. झिजलेल्या दगडाला टाकी लावून पुन्हा खरखरीत करणारा माणूस सांगितल्या दिवशी यायचा नाही, म्हणून बाईंनी छिन्नी-हातोडी आणून ते कामही शिकून घेतलं. एकदा बोटाचं नख गेलं. आता आसपासच्या गिरणीवाल्यांचे दगड बोथट झाले, की ते द्वारकाबाईंनाच निरोप धाडतात.

पण त्यांना खरा अभिमान होता तो नानाचा. नाना आयटीआय करून फिटर झाला आणि एका कारखान्यात ठेकेदाराकडून कामाला लागला. सलग दोन-दोन पाळ्या करायचा. घरी आला तरी झोपायचा नाही. मोटारसायकल धुवायचा, पत्रे रंगवायचा, आईची गिरणी झाडून काढायचा. द्वारकाबाई दळणाला आलेल्या बायकांना ऐकवायच्या, "दोन पाळ्या मारून येतंय माझं पोरगं, तरी अंगात आळस म्हणून नाय." त्या बायका घरी जाऊन आपापल्या झोपाळू पोरांना बोलायच्या. नानाची अशी कीर्ती आमच्या गल्लीत वर्षभर तरी होती.

मग त्याचं खाणं कमी झालं. गालफडं बसली. जबडा सारखा हलायचा, तोंडात काही नसताना चावल्यासारखा. हाताची कातडी खाजवून खाजवून त्यानं जखमा केल्या. एक दिवस खिडकीला आतून चादर ठोकली. समोरच्या खोलीतली माणसं आपल्यावर पाळत ठेवतात म्हणाला. समोरच्या खोलीत एक म्हातारं जोडपं राहत होतं. कडूबा म्हणाले, उष्णता झाली असेल, ताक पाजा. कुणी म्हणालं, बाहेरचं आहे, उतरवून घ्या. द्वारकाबाईंनी ताकही पाजलं आणि लिंबूही उतरवलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी गिरणीत पुरणपोळीच्या गव्हाची रांग लागली होती. द्वारकाबाई जेवायला आत गेल्या आणि बाहेर येऊन बघतात तर नानानं गिरणीची मोटार खोललेली. वर्तमानपत्र अंथरून एकेक स्क्रू, एकेक वायसर ओळीत मांडलेला, घासून लखलखीत केलेला. बायका डबे घेऊन उभ्या. मोटारीत कुणीतरी काहीतरी बसवून ठेवलंय, ते शोधतोय, असं तो म्हणाला. शोधता शोधता रडायला लागला. दहा-बारा बायका बघत होत्या, आणि हा फिटर झालेला मुलगा आपणच खोललेली मोटार जोडू शकत नव्हता.

त्या दुपारी द्वारकाबाईंनी त्याला समोर बसवून विचारलं, आणि त्यानं सांगितलं. पोरं त्या वस्तूला काच म्हणत. दिसायलाही काचेच्या बारीक खड्यांसारखीच. दुसरी पाळी जड जाते म्हणून एका सोबत्यानं पहिल्यांदा फुकट दिली होती. ती ओढली, की भूक नाही, झोप नाही, अंगात चार माणसांचं बळ. नंतर बळ गेलं आणि नुसती काच उरली. तिच्यासाठी त्यानं मोबाइल विकला होता, बापाचं घड्याळही. तो एकटा नव्हता. महामार्गावर उभ्या कंटेनरवर मोटारसायकल घालून जो पोरगा गेला, त्याला सगळी गल्ली 'डुलकी लागली बिचाऱ्याला' म्हणून हळहळली होती. तो आदल्या तीन दिवसांत झोपलाच नव्हता. मागच्या गल्लीतल्या एकानं आईचा हात मोडला होता. ती बाई गळ्यात हात बांधून दळणाला यायची आणि मोरीत पडले म्हणून सांगायची.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्या काचेचं खरं नाव सांगितलं, मेथ. म्हणाल्या, हे दात खातं, काळीज खातं आणि डोक्यात संशय भरतं. भरती करावं लागेल. सुटायला महिने लागतात, आणि सुटलं म्हणता म्हणता पुन्हा धरतं.

अडचण अशी होती, की तोवर नानाचं लग्न ठरलेलं होतं. द्वारकाबाईंचे थोरले भाऊ कारभारी यांनी वैजापूरकडच्या आप्पासाहेबांच्या मुलीचं स्थळ आणलं होतं. शिवकन्या तिचं नाव, बारावी झालेली, शिलाईत हुशार. सुपारी फुटली होती, तुळशीच्या लग्नानंतरची तारीख धरली होती. द्वारकाबाईंनी भावाला सगळं सांगितलं. कारभारींना त्यात फार काही वाटलं नाही. मोकाट गुराच्या गळ्यात लोढणं अडकवलं की ते पळायचं थांबतं, असं ते म्हणाले. आपल्याच एका चुलतभावाचं दारूचं उदाहरण त्यांनी दिलं. तो चुलतभाऊ पुढे दारूनंच गेला होता, पण लग्नानंतर बरीच वर्षं जगला, हे त्यांच्या दृष्टीनं पुरेसं होतं. नानानं आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. आणि खरोखरच तो जेवायला लागला, झोपायला लागला. दसऱ्याला सोनं वाटत गल्लीभर फिरला. द्वारकाबाईंना वाटलं, भावाचं खरं असेल. दवाखान्याचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

दसरा झाल्यावर बस्त्याचा दिवस ठरला. आमच्याकडे बस्ता म्हणजे नुसती कापडखरेदी नाही. दोन्हीकडची माणसं एका दुकानात बसून लग्नाचं सगळं कापड घेतात, नवरीच्या शालूपासून मामाच्या टोपीपर्यंत. मग दुकानदार त्याचं गाठोडं करतो, वरमाई त्याला पहिलं हळदीकुंकू लावते आणि गाठ मारली जाते. गाठ बसली की अर्धं लग्न लागलं असं समजतात. त्यानंतर लग्न मोडलं तर सोडचिठ्ठीइतकाच बभ्रा होतो.

शहागंजातल्या त्या दुकानात पांढऱ्या गाद्यांवर सगळे बसले होते. मुलीची आई साळूबाई जरा घासाघीस करणाऱ्या. आहेराच्या साड्या हलक्या दाखवतो म्हणून दुकानदाराला टोचून बोलत होत्या. कारभारी आणि आप्पासाहेब फेट्यांच्या कापडावर वाद घालत होते. नाना कामावर होता. नवरदेवानं बस्त्याला यायची पद्धत नाही. शिवकन्या होणाऱ्या सासूला खेटून बसली होती. शालू पसंत झाला तशी ती मोकळी झाली आणि हळू आवाजात नानाचं सांगायला लागली.

"आत्याबाई, ते लई काळजी करतात माझी."

द्वारकाबाईंनी हसून विचारलं, काय काळजी करतो.

"फोन लावून सारखं विचारतात, जवळ कोण बसलंय. व्हिडिओ लावून खोली दाखव म्हणतात. चारी कोपरे. काल तर पलंगाखाली दाखव म्हणले. आई म्हणती, एवढा जीव लावणारा माणूस नशिबानं भेटतो."

हे सांगताना ती लाजत होती. मैत्रिणींना सांगून झालेलं असावं, इतकं ते तिच्या तोंडात बसलं होतं.

काल. म्हणजे शपथेनंतर. पोळ्याच्या सुमाराला नानानं घरातला पलंग उभा करून खाली माणूस शोधला होता, हे द्वारकाबाईंनी डोळ्यांनी बघितलं होतं. ही पोर ज्याला जीव लावणं समजत होती ते काय आहे, हे त्या दुकानात त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मला त्यांनी पुढे एकदा सांगितलं, की त्या वेळी त्यांना नानाची आठवणच झाली नाही. त्यांना दिसत होता मागच्या गल्लीतल्या बाईचा गळ्यात बांधलेला हात, आणि तो हात या पोरीचा होता.

दुकानदाराच्या माणसानं गाठोडं पुढं सरकवलं. हळदीकुंकवाचं ताट आलं. वरमाई म्हणून ते द्वारकाबाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते घेतलं आणि गादीवर खाली ठेवलं.

"बस्ता बांधू नका," त्या म्हणाल्या.

साळूबाईंना वाटलं, काही घ्यायचं राहिलं. त्यांनी विचारलंही, काय राहिलं, विहीणबाई?

"सांगायचं राहिलं. माझा पोरगा नशा करतो. दारू नाय, दारूहून वाईट. ती ओढली की त्याला भिंतीत माणसं दिसतात. तुमच्या पोरीला खोलीचे कोपरे दाखव म्हणतो ना, ते त्याच्यामुळं. हिला माझ्या घरात देऊ नका."

कारभारी उठून उभे राहिले. "द्वारके, डोकं ठिकाणावर हाये का तुझं? पोटच्या पोराचं असं बोलती?"

"पोटचं हाये म्हणूनच मला ठाव हाये, दादा. तुलाबी ठाव हाये."

हे शेवटचं वाक्य आप्पासाहेबांनी नीट ऐकलं. ते कारभारींकडं बघत राहिले, मग टोपी सारखी करून दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. साळूबाई मात्र द्वारकाबाईंवरच उसळल्या. आभार मानायचं कुणाच्या मनातही आलं नाही, आणि का यावं? सुपारीच्या आधी तुमचं तोंड शिवलं होतं का, असं त्यांनी विचारलं. सुपारीच्या वेळी माहीत नव्हतं, आणि कळल्यावर लगेच सांगायला हवं होतं, असं द्वारकाबाई म्हणाल्या. साळूबाईंनी आणखी बरंच सुनावलं. द्वारकाबाईंनी खाली मान घालून ऐकलं. गिरणीतल्या त्यांच्या गिऱ्हाइकांचा यावर विश्वास बसला नसता. तेवढ्यात दुकानदारानं आधी सांगून ठेवलेला चहा आला आणि पोऱ्या सगळ्यांपुढं कप ठेवत गेला. कुणी घेतला नाही. शिवकन्या रडली नाही. तिनं मांडीवरचा शालू घडी घालून बाजूला ठेवला, इतकंच.

नानाला कळलं तेव्हा त्यानं घरातली भांडी फेकली, आईला नको ते बोलला आणि निघून गेला. कडूबांनी त्याला क्रांती चौकात शोधून काढलं. त्या अबोल माणसानं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून एक निर्णय घेतला: घरी न आणता पोराला तसंच रिक्षात घालून व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. बायकोशी मात्र ते बरेच दिवस बोलले नाहीत. केंद्रात भेटीच्या दिवशी दोघं एकाच रिक्षानं जायचे, दोन टोकांना बसून.

गल्लीनंही आपला वाटा उचलला. काही बायका दुसऱ्या गिरणीत गेल्या. काही मुद्दाम आल्या, दळणाला नव्हे, तोंड बघायला. द्वारकाबाईंनी त्यांचेही गहू, खडे आहेत म्हणून, परत केले. आणि कुणी नसलं की एखादी बाई यायची, डबा खाली ठेवायची आणि पोराचं वागणं सांगून विचारायची, हे तसंच असेल का हो? मागच्या गल्लीतली ती बाईही आली. तिच्या पोराला भरती करायला द्वारकाबाई गिरणी बंद ठेवून गेल्या.

हे सगळं त्या धरून चालल्या होत्या. एक गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानातही आली नव्हती. बस्त्यात लग्न मोडलं की लोक मुलीकडं बघतात. त्यातून कारभारींनी भाच्याचं नाव वाचवायला नात्यात सांगून टाकलं, की पोरीला फिट येतात, म्हणून आम्हीच मोडलं. नात्यातून ते वैजापूरपर्यंत गेलं. शिवकन्येला येणारी स्थळं दारापर्यंत येऊन परत जायला लागली. साळूबाईंचा एकदाच फोन आला. त्या म्हणाल्या, "तुम्ही खरं बोलल्या, पण मार माझ्या लेकीला बसला."

द्वारकाबाई भावाकडं गेल्या. बोललास तिथं तिथं जाऊन परत घे म्हणाल्या. कारभारी म्हणाले, तुझ्यासाठीच केलं. त्या दिवाळीत भाऊबीजेला ते नेहमीसारखे आले. पाट मांडलेला नव्हता. त्यांना चहा दिला, फराळ दिला. ओवाळलं नाही. पुढच्या दिवाळीतही नाही. आणि आप्पासाहेबांच्या गावी जाऊन दारोदार सांगावं, तर त्यांनीच निरोप पाठवला, आता येऊ नका, जितकं बोलाल तितकं वाढतं. जे सांगितल्यानं पोर वाचेल असं वाटलं होतं तेच तिच्या गळ्याशी आलं, आणि दुरुस्त करायला हातात काही नाही. दुसऱ्यांच्या गव्हातला खडा काढणारी ही बाई त्या दिवसांत दळताना चुकायची, ज्वारीवर तांदूळ ओतायची.

नाना घरी आला, काही महिने बरा राहिला, पुन्हा घसरला, पुन्हा केंद्रात गेला. दुसऱ्यांदा आला तो अधिक शांत होऊन. पुढचे दोन दात गेले होते. कारखान्याचं काम गेलंच होतं. तो गिरणीत बसायला लागला. वजन करायचा, पट्टा बघायचा, बायकांकडं मान वर करून बघायचा नाही.

एका रविवारी सकाळी भर गर्दीत दोन अनोळखी माणसं गिरणीशी आली. कडक इस्त्रीचे कपडे, डोक्याला टोप्या. त्यातले वयस्कर पुढं झाले आणि म्हणाले, जरा बाजूला बोलायचं होतं. वैजापूरकडून आलो, पुतण्याचं स्थळ बघतोय, आप्पासाहेबांची मुलगी. आधीचं लग्न ज्या घरी मोडलं तिथं चौकशी करायची ही रीतच आहे. द्वारकाबाई म्हणाल्या, इथंच बोला. ते घुटमळले. मग गिरणीच्या आवाजात जमेल तेवढ्या खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, पोरीला फिट येतात म्हणतात, खरं हाये का?

द्वारकाबाईंनी हात लांबवून गिरणीचं बटण बंद केलं. दगड फिरत फिरत थांबले. बाईंनी पदरानं तोंडावरचं पीठ पुसलं, बोलायला तोंड उघडलं, आणि त्यांच्या आधी वजनकाट्यामागून नाना बोलला.

"फिट नाय येत. मी काच ओढायचो."

तो उठून उभा राहिला होता. सगळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं. एवढ्या दिवसांत त्यानंही पहिल्यांदाच मान वर केली होती. पुढचे दात गेल्यामुळं शब्द नीट फुटत नव्हते, म्हणून त्यानं पुन्हा सांगितलं.

"मी नशा करायचो. त्यामुळं आईनं मोडलं. ती पोरगी चांगली हाये. फिटचं आमच्या मामानं उठवलंय, खोटं हाये ते."

रांगेतली एक म्हातारी म्हणाली, बस बाबा खाली. नाना बसला नाही.

द्वारकाबाई त्याच्याकडं बघत होत्या. त्यांच्या तोंडावर तेव्हा जे होतं ते मी पूर्वी एकदाच पाहिलं होतं, नाना आयटीआयचा निकाल घेऊन आला तेव्हा. आणि निकालाच्या दिवशीही ते इतकं नव्हतं. मग त्या पाहुण्यांकडं वळल्या.

"आता तुमचं सांगा. पोरगा काय करतो?"

कंपनीतच आहे, सुपरवायझर आहे, असं ते म्हणाले.

"जेवतो का? झोपतो का रातचा? घरातल्या वस्तू जागेवर हायेत का?"

वयस्कर गृहस्थ रागावतील असं सगळ्यांना वाटलं. चौकशीला आलेल्या माणसाची उलटी चौकशी आमच्याकडे कुणी करत नाही. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "पुतण्या वाळूजला खोली करून राहतो, बाई. खरं सांगायचं तर मला ठाव नाय."

"मग आधी बघून या. चार दिवस राहा त्याच्यासंग. बरा असला तर पोरीच्या दारात जा, अन् जाताना सांगा की मोडलेल्या घरातनं चौकशी करून आलो."

ते खरोखर पुतण्याच्या खोलीवर राहून आले, हे पुढे आप्पासाहेबांकडून कळलं. वैशाखात शिवकन्येचं लग्न झालं. द्वारकाबाईंना बोलावणं नव्हतं. मोडलेल्या सोयरिकीला कोण बोलावतं, असं त्या म्हणाल्या, आणि त्यात कुरकुर नव्हती. बोलावणं नव्हतं, तरी लग्नातली खडान्‌खडा माहिती त्यांना होती. नवरीनं स्वतः शिवलेला ब्लाउज घातला होता, हेही त्यांनी मला दोनदा सांगितलं.

नाना बरा झाला का, असं लोक त्यांना विचारतात. त्या 'झाला' म्हणत नाहीत. आज बरा आहे, म्हणतात. त्याला आता स्थळं सांगून येतात, कारण गिरणी आहे, घर आहे. सांगून येणाऱ्याला द्वारकाबाई दारातच उभं करून आधी ते सगळं सांगतात. तरीही आत यायचं असेल तर या, म्हणतात. परवा एक गृहस्थ ते ऐकूनही आत आले. चहा झाला. नाना बाहेर येऊन त्यांच्या पाया पडला आणि म्हणाला, आणखी एक वर्ष थांबा, तोवर मी नीट राहिलो तर बघू. ते गेल्यावर कडूबा बायकोला म्हणाले, पोरगं तुझ्यावर गेलंय. द्वारकाबाईंनी ते गिरणीत येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगितलं, आणि त्या दिवशी एकीचाही गहू परत केला नाही.